परत आलेला ताप

दसरा उलटला की सकाळी कपाशीच्या पऱ्हाटीवर दव असतं. ऊन वर आलं की ओल्या पानांतून एक कडवट वाफ निघते आणि बांधावरून चालणाऱ्याच्या नाकात बसते. पाखरांना तो वास आवडत असावा, कारण ती त्याच वेळी शिवारात उतरतात. मला मात्र तो वास आला की अंगावर शहारा येतो. हातपाय गार पडल्यासारखे वाटतात. ताप नसतो. इतक्या वर्षांत मला स्वतःला हिवताप कधी झालाच नाही. तरी हे दिवस आले की कुणाचा तरी ताप माझ्या अंगात येऊन बसतो.

नोकरी संपवून मी आता देऊळगाव राजाजवळ, माहेरच्या गावी राहते. यंदा भाऊ शेतातून एक हिरवं बोंड घेऊन आला. पायरीवर बसून त्यानं ते अंगठ्यानं फोडलं. आत कापूस व्हायचा तिथे काळपट लगदा होता आणि त्यात एक गुलाबी अळी निवांत वळवळत होती.

"हेच बियाणं आधी पेरलं तेव्हा अळी तोंड लावत नव्हती," भाऊ म्हणाला. "खाल्लं की मरायची. आता आतमधी घर करून राहती."

"बियाणं तेच आहे भाऊ. अळी बदलली."

"बदलली म्हंजी?"

"तिच्या अंगातच बदल झालाय. या झाडातलं विष तिला लागूच होत नाही."

त्यानं बोंड अंगणापलीकडे भिरकावलं. हात धुतले, पुसले, पुन्हा येऊन बसला. "मग आपण काय करायचं, ते सांग ना," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. खरंच विचारत होता. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीपाशी उभ्या उभ्या मला रेहाना आठवली.

नोकरीत असताना मी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. जळगाव जामोदच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका मोठ्या गावात सरकारी दवाखाना होता आणि तिथे मी रक्त तपासायचं काम करी. गावाचं नाव सांगत नाही. आमच्याकडची बोली मराठवाड्याकडे झुकलेली. तिकडे गेले तर 'मला'चं 'मले' झालेलं, 'का'चं 'काऊन' झालेलं. सुरुवातीला बाकावरच्या बाया माझं बोलणं ऐकून पदरात हसत. मग त्यांना माझी सवय झाली, मला त्यांची.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, उत्तरेची एक खिडकी, एक सूक्ष्मदर्शक आणि मी. पावसाळ्यात खिडकीतला सातपुडा हाताला लागेल इतका जवळ येई. आश्विनात तो निळा होऊन मागे सरके, आणि नेमका त्याच सुमारास पायथ्याच्या गावांतून ताप येऊ लागे. बैलगाडीत, जीपमध्ये, कुणाच्या तरी पाठुंगळीवर. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगात बुडवायचा, धुवायचा. माझी बोटं त्या दिवसांत कायम जांभळी असत. भाकरी करताना पिठालाही जांभळी छटा लागे.

मलेरियाच्या दोन जाती आमच्याकडे येत. एक त्रास देऊन जाणारी, दुसरी माणूस नेणारी. दुसरीला पुस्तकात फॅल्सिपेरम म्हणतात, आम्ही पीएफ म्हणत असू. तिचं कोवळं रूप सूक्ष्मदर्शकाखाली बारीक अंगठीसारखं दिसतं. तांबूस पेशीत निळसर कडं आणि त्याला एक लाल खडा. ते फार सुंदर दिसतं. हे मी तिथे कुणाजवळ बोलले नाही. ज्याच्या रक्तात ती अंगठी असे, तो बाहेरच्या बाकावर कुडकुडत बसलेला असे.

ही गोष्ट घडली त्या वर्षी गावोगावच्या भिंती बीटी बियाण्याच्या जाहिरातींनी रंगल्या होत्या. मुठीएवढी बोंडं, हसणारा शेतकरी. पिकाला दृष्ट लागेल असं वाढलंही ते. आणि ऐन भरात लाल्या आला. हिरवीगार पानं आठवड्याभरात विटकरी झाली, पात्या-फुलं गळून सऱ्यांत पडली. जो थोडा कापूस फुटला होता तो तरी हाताला लागावा म्हणून घरंच्या घरं शेतात मुक्कामाला गेली. वेचणीच्या दिवसांत लोक असेच राहतात, चार काठ्यांवर ताडपत्री टाकून, नाल्याच्या काठाला. नाल्यात पाणी साचलेलं, त्यात डास. कापूस कमी झाला आणि ताप जास्त, असा तो हंगाम होता.

मी ज्या घरात भाड्यानं राहत होते ते पिंजाऱ्याचं घर. घरधनीण म्हणजे चाची, तिचा मुलगा सलीम आणि सून रेहाना. सलीम दसऱ्यानंतर गावोगाव फिरून गाद्या-रजया भरून देई, त्यामुळे घरी असला तर असला. घरात सगळीकडे कापसाचे तंतू. कौलांना लोंबणारे, चुलीपाशी काळे झालेले, ताटात, केसांत. रेहाना म्हणे, "ताई, आमी मेल्यावर आमाले कफन नाई लागनार. खोकलो तरी कापूस निंगते." आपसांत ती माणसं हिंदीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत. रेहाना उंच, सावळी, बोलताना भुवया उडवणारी. तिला पाचवा महिना सरत आला होता. पहिलंच. तिला चिंचेऐवजी ओली माती हुंगावीशी वाटे, म्हणून ती सकाळी अंगणात सडा घातल्यावर तिथेच उकिडवी बसून राही.

चाची नको म्हणत असतानाही ती माहेरी वेचणीला गेली होती. माहेर डोंगराच्या अगदी कुशीत. आई-बाप थकलेले, हात कमी पडत होते. परतली तेव्हा कपाळ दुखतंय म्हणत होती. दुपारी तिला थंडी भरली. चाचीनं घरातल्या होत्या तेवढ्या रजया तिच्यावर घातल्या तरी खाली खाट हलत होती.

मी तिथेच तिच्या बोटाचं रक्त घेतलं आणि दवाखान्यात जाऊन पाहिलं. पीएफ. अंगठ्याच अंगठ्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतारावर असताना ती दवाखान्यातल्या माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मले दाखव." मी तिला स्टुलावर बसवलं, सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून पाहायला लावलं. ती बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिली.

"हेच काय? एवढुसं?"

"हो."

"एवढुशानं इतला ताप?"

"ते वाढतंय आत. गोळ्या घेतल्या की मरेल."

"अन् लेकराले?"

"गोळ्यांनी लेकराला काही होत नाही. तापानं होतं."

क्लोरोक्विनच्या त्या पांढऱ्या गोळ्या. जिभेला लागली तर दिवसभर कडूपणा जात नाही. चाचीला त्यांची धास्ती. "पोटातल्याले गरम पडतीन त्या," ती म्हणत होती. मी रोज रेहानासमोर उभी राहिले. ती गोळी तोंडात टाकी, वर गुळाचा खडा, वर पाणी, आणि मग ओठ घट्ट दाबून धरी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. एकही गोळी पडली नाही, एकही उलटली नाही. शेवटच्या दिवशी तिनं मला तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवलं आणि हसली.

ताप गेला. रक्तही स्वच्छ निघालं. तिनं डोकं धुतलं, उन्हात केस मोकळे सोडून बसली, भाकरीवर मिरचीचा ठेचा मागून घेतला. त्या दिवसांतलं ऊन मला आठवतं. अंगणात पिंजलेल्या कापसाचा ढीग, त्यावर पडलेला उजेड, आणि पोटावर हात ठेवून "आता हालून राह्यलं, पाह्य" असं म्हणणारी ती. माणसाला सुख कळतं ते बहुधा ते गेल्यावर. मला त्या दिवशी तेव्हाच कळलं होतं, कारण मी कामावर जायला उठत होते आणि उठवेना.

आठवडा-दीड आठवडा गेला असेल. दुपारी मी जेवायला घरी आले तर खाट पुन्हा हलत होती.

काचपट्टीवर पुन्हा त्याच अंगठ्या. मी ती घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते, नुकतेच आले होते आणि त्या महिन्यात ते नीट झोपले नव्हते. बाहेर रांग दारापासून वडापर्यंत गेलेली.

"गोळ्या पूर्ण घेतल्या नसतील," ते मान वर न करता म्हणाले.

"माझ्यासमोर घेतल्यात सर."

"तुम्ही गेल्यावर ओकली असेल. सिस्टर, या बायका सांगत नाहीत. पोटातल्या बाळाची भीती असते." मी सिस्टर नव्हते, पण त्यांना तेवढं लक्षात ठेवायला उसंत नव्हती. "पुन्हा तोच कोर्स द्या. या वेळी नीट घेऊ दे."

त्यांचं वाक्य मी घरी नेलं नाही. ते आपल्या पायांनी गेलं. दवाखान्यातून गल्लीत, गल्लीतून चाचीच्या कानावर. संध्याकाळी सलीम खेड्यांवरून परतला तेव्हा त्याच्यासाठी ते तयारच होतं. तो वाईट माणूस नव्हता. थकून आला होता, घाबरला होता, आणि भीतीला धरायला काहीतरी लागतं. तो खाटेशी बसला आणि मऊ आवाजातच म्हणाला, "सच बोल रेहाना. थूक दी ना गोलियाँ?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग चाचीकडे, मग माझ्याकडे.

"घेतल्या मी," ती माझ्यासाठी मराठीत म्हणाली. "साऱ्या घेतल्या."

"तिनं घेतल्यात," मी म्हणाले. "मी होते तिथे."

"तू दिवसभर कोठी घरी रायतं बाई," चाची म्हणाली.

चाचीनं तिच्या बाजूनं वावगं काही केलं नव्हतं. गोळ्या गरम पडतात असं आपणच सूनबाईला सांगत होतो आणि तिनं ऐकलं असेल, या विचारानं ती आतून पोखरली होती. म्हणून ती अधिक कठोर झाली. आता ती स्वतः गोळी देई, रेहानाच्या जबड्याला धरून तोंड उघडायला लावी, गालात बोट घालून पाही. एकदा मी पायाशी बसले असताना रेहानानं विचारलं, "तुले तरी खरं वाटते ना व ताई?"

"मला पहिल्यापासून खरंच वाटतं."

"मंग ताप काऊन येऊन राह्यला?"

हा प्रश्न मी रोज त्या नळीला विचारत होते. औषध पोटात जात होतं. रक्तात ते असणार. आणि तरी दर सकाळी काचेवरच्या अंगठ्या कालच्यापेक्षा जास्त. कुठे एका पेशीत दोन-दोन. मी काच बदलून पाहिली, रंग नवा केला, माझेच डोळे फिरले असतील म्हणून तोंड धुऊन आले. त्या सुमारास शहरातल्या एका संशोधन संस्थेची मृणाल नावाची मुलगी येऊन मला जाड टिपकागदाचे तुकडे देऊन गेली होती. पीएफ निघालेल्या प्रत्येकाच्या रक्ताचा एक थेंब त्यावर घेऊन वाळवून ठेवायचा होता. रेहानाचा पहिल्या वेळचा थेंब मी ठेवला होता. परत आलेल्या तापाचाही ठेवला. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी स्वतः येऊन नळीतून पाहिलं. काही वेळ ते तसेच वाकून राहिले. "क्विनाइन लावायला हवं," ते म्हणाले. क्विनाइन हे वेगळं, जुनं आणि जहाल औषध; त्याचं इंजेक्शन आमच्याकडे संपलेलं होतं. त्यांनीच जीप मिळवली आणि आम्ही रेहानाला घेऊन खामगावच्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेला लागलो. सकाळची वेळ होती. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. दोन्ही बाजूंना लाल पडलेली कपाशी, मैलच्या मैल, जणू रानाला कुणी भाजून काढलंय. ती बरळत होती. मध्येच शुद्धीवर येऊन म्हणाली, "सलीमले सांग, मी थुकली नाई." मग पुन्हा डोळे फिरवले.

क्विनाइननं ती वाचली. कानांत घंटा वाजतात म्हणत होती, हाताला धरल्यावाचून उठता येत नव्हतं, रक्तातली साखर उतरून दोनदा गपगार पडली. पण वाचली. बाळ वाचलं नाही. ते आधीच हलायचं थांबलं होतं, हे तिनं कुणी सांगायच्या आत ओळखलं होतं. मुलगा होता. सलीमनं त्याला कापडात गुंडाळून नेलं. जाताना तो माझ्यासमोर थांबला, कापडाचं टोक सारखं केलं आणि निघाला.

घरी आल्यावर तिला कुणी टाकून बोललं नाही. ओरडणं नाही, शिव्या नाहीत. फक्त घरातली हवा तशी झाली. चाची वाढताना ताट जरा लांबून सरकवी. शेजारच्या बाया येत आणि उसासा टाकून म्हणत, "काय करतं बाई, औषध घेतलं असतं तं..." वाक्य तिथेच सोडून देत. सलीम घरी कमी राहू लागला. थंडी सरत आली तेव्हा रेहानानं कपड्यांचं एक गाठोडं बांधलं आणि ती माहेरी निघून गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही, आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही.

फाल्गुनाच्या तोंडावर मृणाल परत आली. तिनं नेलेल्या टिपकागदांवर नावं नव्हती, क्रमांक होते. रेहानाचा क्रमांक मला पाठ होता. मी तो सांगितला. तिनं आपल्या पिशवीतला संगणक उघडून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"या कोण होत्या?"

मी सांगितलं. तिनं स्टूल ओढलं आणि मला समजावत गेली. मी तिचं बोलणं माझ्या शब्दांत मांडते. मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि आतलं हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरतं ते त्याच्यासाठी विष असतं, म्हणून तो त्याचे खडे करून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन त्याच्या या पोटासारख्या पिशवीत शिरतं आणि खडे होऊ देत नाही. आपल्याच विषानं तो मरतो. पण पिशवीच्या पडद्यात एक प्रथिन असतं, दारासारखं. ते कसं घडवायचं याची आज्ञा परजीवीच्या जनुकात लिहिलेली असते. रेहानाच्या रक्तातल्या परजीवीत त्या आज्ञेतलं एक अक्षर बदललेलं होतं. शहात्तराव्या जागी एका घटकाऐवजी दुसरा बसला होता. शेजारीही काही बदल होते, पण खरी मेख ही. त्या बदलानं दार असं झालं की औषध आत येतं आणि बाहेर टाकलं जातं.

"म्हणजे तो औषधाला सरावला?" मी विचारलं.

"नाही. तो शिकत नाही. पिढ्यांमागून पिढ्या स्वतःची नक्कल करताना कधीतरी, कुठेतरी चूक झाली. एरवी ती चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. आपण औषध दिलं, आणि ज्यांच्यात ती चूक नव्हती ते सगळे मेले. हेच उरले."

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. रेहानाचे दोन्ही थेंब तिनं ताडून पाहिले होते. दुसऱ्या खेपेचा परजीवी पहिल्याच खेपेचा होता. नवा डास चावला नव्हता. तोच आत राहिला होता, गोळ्या चालू असताना.

ती गेल्यावर मी रिकाम्या प्रयोगशाळेत बसून राहिले. एक अक्षर. भावानं बोंड फोडलं तेव्हा मला जे सुचलं ते त्या दिवशी ऐकलेलं होतं. अळीचंही असंच कुठलंतरी अक्षर फिरलं असणार. पुढे यथावकाश औषध बदललं, दोन औषधांची नवी जोडगोळी आली, तिनं माणसं भराभर बरी झाली. तिकडे पूर्वेकडच्या देशांत तिलाही परजीवी दाद देईनासा झाल्याचं अलीकडे वाचते. रेहानाला पुढे दोन मुली झाल्या. थोरलीच्या लग्नाला मी गेले होते. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी माझ्याजवळ फक्त एक खरी गोष्ट होती आणि ती कुणाला सांगू असं झालं होतं.

घरी जाऊन मी चाचीला आणि सलीमला समोर बसवलं. मला जमेल तसं सांगितलं. दार, औषध, बाहेर टाकणं. सलीमनं फक्त एकच विचारलं, "मंजे तिनं घेतल्या होत्या?"

"सगळ्या."

चाचीनं ओढणी तोंडावर ओढून घेतली. "आमी तिच्या तोंडात बोटं घातले व," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सलीम आणि मी एसटीनं तिच्या माहेरी गेलो. तिचा बाप ओट्यावर होता. सलीम तिथेच टेकला, त्याला पुढे पाऊल टाकवेना. रेहाना शेतात असल्याचं कळलं, म्हणून मी एकटीच गेले. मुख्य वेचणी संपल्यावरही लोक पऱ्हाटी उपटत नाहीत, उशिरा फुटणारी बारीक बोंडं हाती लागतील म्हणून उभी ठेवतात. त्याला फरदड म्हणतात. वाळक्या काड्यांच्या त्या रानात ती एकटी वाकलेली होती. कमरेच्या ओटीत मूठभर कापूस. मला पाहून तिनं हात थांबवले नाहीत.

मी तिच्या बाजूच्या सरीतून चालत चालत सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"मंग तो माह्या आंगात येऊन बदलला?" तिनं विचारलं.

"नाही. डास चावला तेव्हाच तो तसा होता. बदलूनच आलेला."

"मंजे मी एक बी गोळी सोडली नाई. अन् सोडली असती, तरी तेच झालं असतं."

"तेच झालं असतं."

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. मी त्यासाठीच आले होते. ती सरीत खाली बसली आणि ओटीतला कापूस मातीत सांडला.

"ताई, मी रोज ते दिवस पुन्हा करून पाहत होती," ती म्हणाली. "कवा वाटे, एखांदी गोळी ओकारीसंग गेली असन, मले समजलं नसन. कवा वाटे, गुळासंग घेतली म्हून लागू झाली नाई. समदे म्हनून राह्यले तं असंन काही. तेच धरून बसली होती मी. चूक माही असती, तं पुढच्या बारीले सुधरली असती. आता काय सुधरू?"

औषध बदलणार आहे म्हणतात, असं काहीतरी मी म्हणाले.

"कवा?"

"ते नाही सांगता येत."

तिनं सांडलेला कापूस वेचायला घेतला. एकेक बोंडाचा पुंजका उचलून फुंकर मारून माती काढत होती. मग मान खाली ठेवूनच म्हणाली, "तो आला काय?"

"आलाय. घरी बसलाय."

"त्याले आता खरं वाटते?"

"हो."

"मी तं त्याच्या समोरच होती," ती म्हणाली. "माह्या तोंडानं सांगून राह्यली होती. कागदावरच्या रगतानं सांगतलं, तवा खरं वाटलं."

त्या दिवशीच्या शेवटच्या गाडीनं ती आमच्याबरोबर आली. का आली ते मी विचारलं नाही. घरी थकलेले आई-बाप होते, त्यांच्या भाकरीत आणखी किती दिवस वाटा घ्यायचा, एवढंच कदाचित. गाडीत ती आणि सलीम एका बाकावर बसले, मध्ये तिचं गाठोडं. मी मागच्या बाकावर होते. अर्धी वाट गेल्यावर सलीमनं विचारलं, "पानी पिती?" तिनं मान हलवली. त्यानं बाटली दिली. ती प्याली आणि बाटली त्याच्या हातात न देता खाली पायाशी ठेवली. गाव येईपर्यंत दोघंही समोर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडला. उन्हाळा लागताना ताप कमी असतो, पण पायथ्याला तो पुरता कधीच जात नाही. डोंगरातल्या पाड्यावरून एक तरुण बाई आली होती, कडेवर मूल, डोळे लाल. तिचं रक्त पाहिलं. पीएफ. मी चिठ्ठी लिहिली. औषधाच्या खिडकीत नवा हुकूम आला नव्हता, नवं औषध आलं नव्हतं. डॉक्टरांनी वर कळवलं होतं, उत्तर यायचं होतं. कपाटात क्लोरोक्विनच होतं. त्यांनी तिला त्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, कारण द्यायला दुसरं काही नव्हतं, आणि कुणाकुणाला त्या गोळ्यांनी अजून गुण येत होता.

ती पुडी मुठीत धरून माझ्या दाराशी आली. "यानं बरं वाटंन ना बाई?"

मी उठून तिच्याजवळ गेले. मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ते गार होतं.

"सगळ्या घे," मी म्हणाले. "आणि ताप परत आला, तर त्याच दिवशी ये. घरचे म्हणतील तू गोळ्या घेतल्या नाहीस. कोणी काहीही म्हणू दे. तू माझ्याकडे ये."

तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. ती मान हलवून पायऱ्या उतरली, मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि डोंगराच्या रस्त्याला लागली.